न घुसळलेली पेटी

स्टेट कॉलेज, पेनसिल्व्हेनिया
९ सप्टेंबर १९८५

ती. मीनाक्षीमावशीस,

गिरीशचा साष्टांग नमस्कार. साष्टांग म्हटल्यावर तू ओळखलंच असशील, की मी काहीतरी मागणार आहे.

आधी खुशाली. आम्ही चौघं एका अपार्टमेंटमध्ये राहतो. स्वयंपाक नंदूकडे आहे. तो रोज खिचडी करतो आणि रोज तिला वेगळं नाव देतो. परवा 'पुलाव' म्हणाला, तेव्हा आम्ही तिघांनी हात वर करून ठराव फेटाळला. कॅम्पसची बस वेळेवर येते, मी येत नाही, एवढाच तिचा-माझा वाद.

आता काम. माझा विषय संख्याशास्त्र, हे तुला माहीत आहे. सर म्हणतात, मोठ्या शहरांचं मतदान सगळेच मोजतात, दोनशे मतदारांच्या गावाकडे कुणी ढुंकूनही बघत नाही. तिथे किती टक्के माणसं येतात, किती वाजता येतात, सकाळी आठचा माणूस आणि संध्याकाळी सहाचा माणूस यांची मतं वेगळी पडतात का, यावर कुणी ओळभर लिहिलेलं नाही. आईने कळवलं, की तू टॅनर्स रिजच्या मतदान केंद्रावर क्लार्क झाली आहेस. मावशी, अख्ख्या डिपार्टमेंटमध्ये दुसऱ्या कुणाचीही मावशी अशा जागी बसलेली नाही! नोव्हेंबरच्या मतदानात दर तासाला किती माणसं आली ते टिपून देशील का? आणि चिठ्ठ्या ज्या क्रमाने पडल्या त्या क्रमाने 'हो' की 'नको' एवढं कळलं, तर सोन्याहून पिवळं. नावं अजिबात नकोत. नुसता क्रम.

काकांना नमस्कार.

तुझा,
गिरीश

---

टॅनर्स रिज
२२ सप्टेंबर १९८५

चि. गिरीश,

आशीर्वाद. नंदूच्या खिचडीसाठी लोणच्याची बाटली वेगळ्या पार्सलने पाठवते आहे. तिला तो भाजी म्हणाला तरी चालेल.

आमचं गाव मोजायला वेळ लागत नाही. दोन चर्च, एक पेट्रोल पंप, एक वीट कारखाना, दोनशे चौदा मतदार आणि एक डॉक्टर. डॉक्टर माझ्या घरी राहतो. अकरा वर्षांत गावातल्या प्रत्येकाने ह्यांच्यापुढे शर्ट वर केलेला आहे, पण 'चांदोरकर' अजून कुणाच्या जिभेवर बसलेलं नाही. हे 'डॉक', मी 'मिसेस डॉक'. दोन वर्षांपूर्वी आम्ही सिटिझन झालो, तरी दुकानात अजून मला विचारतात, "घरी कधी जाणार?" मी म्हणते, "दूध घेतलं की लगेच."

क्लार्क कशी झाले तेही ऐक. केंद्राची प्रमुख इडा स्निवली, वय पंचाहत्तर, पियानो शिकवते. तिने किराणा दुकानात माझ्या हातातली यादी पाहिली, अक्षरावर भाळली आणि म्हणाली, "तू दारात बसून नावं लिही." काम सोपं आहे. जो येईल त्याचं नाव क्रमाने लिहायचं, एक, दोन, तीन. मग तो पडद्यामागे जाऊन चिठ्ठीवर खूण करतो आणि पेटीत टाकतो.

पेटीबद्दल मात्र बोलायलाच हवं. धान्याच्या कणगीसारखी, रुंद तोंडाची जुनी लाकडी पेटी. मतदान संपलं की लॉइड बाउसर नावाचा कारखान्यातला दांडगा माणूस तिला कवेत घेतो आणि ताक करावं तशी गदागदा घुसळतो, बाकीचे वीसपर्यंत मोठ्याने आकडे म्हणतात. म्हणे आजोबांच्या वेळेपासूनची रीत आहे. मग चिठ्ठ्या उलट्या-सुलट्या, दुमडलेल्या, कॉफीत बुडालेल्या. मी पुण्याच्या एस.एस.सी. बोर्डात सात वर्षं उत्तरपत्रिकांचे गठ्ठे लावले. आसनक्रमांकाप्रमाणे, तोंडं एका बाजूला, पंचवीसचा गठ्ठा, वर सरकगाठ. एक पेपर इकडचा तिकडे झाला तर एखाद्या पोराचं वर्ष जायचं. मला हे ताक बघवत नाही. तुझं काम मी करीन, आणि यांचंही सुधारीन.

यंदा उमेदवारांखेरीज एक प्रश्नही मतदानाला आहे. कारखान्यामागे मातीची जुनी खाण आहे. तीत दुसऱ्या राज्यातल्या एका कंपनीला पिंपं पुरायची आहेत. पिंपांत काय आहे असं विचारलं, की सगळे हवापाण्यावर बोलू लागतात. कारखाना वॉल्टर क्रेशरचा, खाण त्याची, बरो कौन्सिलचा, म्हणजे इथल्या गावपंचायतीचा, अध्यक्ष तो, आणि ह्यांचं क्लिनिक ज्या इमारतीत आहे ती इमारतही त्याचीच. बाकी गावात लोकशाही आहे.

हे घरात त्या पिंपांवर रोज तोंडसुख घेतात. विहिरी, मुलांची मूत्रपिंडं, सगळं मला पाठ झालं आहे. बाहेर ब्र काढत नाहीत. म्हणतात, "मत गुप्त असतं, मीनाक्षी. म्हणून तर ते देता येतं."

तुझी,
मावशी

---

टॅनर्स रिज
८ नोव्हेंबर १९८५

चि. गिरीश,

हे घे तुझं सोनं. सोबत दोन तक्ते आहेत. एकात तासागणिक माणसं, दुसऱ्यात पहिल्या चिठ्ठीपासून एकशे सत्त्याऐंशीव्या चिठ्ठीपर्यंत 'हो' की 'नको'. मतदान सत्त्याऐंशी टक्क्यांच्या वर. 'हो' शहाण्णव, 'नको' एक्क्याण्णव. पिंपं येणार. पाच मतांनी.

हे कसं जमवलं ते ऐक, म्हणजे तुला मावशीचा अभिमान वाटेल. ऑक्टोबरमध्ये मी कौन्सिलच्या सभेत गेले आणि कागदावर पेटी काढून दाखवली. उंच, अरुंद, चिठ्ठीच्याच मापाची, म्हणजे चिठ्ठी आडवी पडते आणि एकीवर एक बसते, पत्रावळींच्या चवडीसारखी. मला वाटलं हसतील. क्रेशरसाहेबांनी कागद हातात घेतला, बराच वेळ पाहिला आणि आठवड्याच्या आत कारखान्याच्या सुताराकडून पेटी करून घेतली. आतून गुळगुळीत. बोर्डातसुद्धा असं सामान मिळालं नव्हतं.

मतदानाच्या दिवशी पहिली चिठ्ठी मी टाकली, दुसरी ह्यांनी, कारण क्लिनिक आठला उघडतं. मग दिवसभर नुसती रांग. मोजणीला लॉइड बाह्या सरसावून आला. मी म्हटलं, "आता घुसळायचं नाही, लॉइड, सुधारणा झाली आहे." तो बिचारा हात कुठे ठेवावेत ते न कळून उभा राहिला. इडाने एकदा माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "आपण नेहमी घुसळतो, डिअर." मी म्हटलं, "म्हणूनच तीनदा मोजावं लागतं." यावेळी एकदाच मोजलं. पंचवीसचे सात गठ्ठे, बाराचा एक, सरकगाठ.

क्रेशरसाहेब शेवटी आले. गठ्ठे पाहून विचारलं, "हा दोरा कशाला?" मी त्यांना बोर्डाची पद्धत सांगितली. म्हटलं, यादीतला पहिला आणि गठ्ठ्यातला पहिला एकच, शेवटचा आणि शेवटचा एकच, काही हरवूच शकत नाही. ते हसले. म्हणाले, "मिसेस डॉक, या गावात एखादी गोष्ट नीट करणाऱ्या तुम्ही पहिल्या." मग नेहमीप्रमाणे यादी आणि गठ्ठे एका पिशवीत घालून पिशवी रात्रीपुरती कारखान्याच्या तिजोरीत गेली, सकाळी सील लावून काउंटीला, म्हणजे जिल्ह्याच्या कचेरीत.

पिंपं येणार म्हणून हे दोन दिवस जेवले नाहीत धड. मी म्हटलं, तुम्ही आपलं 'नको' टाकलंत, तुमचं कर्तव्य झालं. ते 'हं' म्हणाले.

तुझी,
मावशी

---

स्टेट कॉलेज
२१ नोव्हेंबर १९८५

ती. मावशीस,

नमस्कार, आणि टाळ्या! सर तुझा तक्ता बघून खुर्चीतून उठले. म्हणाले, "ही बाई आपल्याला डिपार्टमेंटमध्ये हवी." वसंतात एक लेख पाठवायचा ठरला आहे.

तुझं गाव फार गमतीचं आहे. सकाळी दहा ते बारा येणारे जवळजवळ सगळे 'हो' म्हणतात. निवृत्त मंडळी असणार. आणि दुपारी तीननंतर बघ, एकशे चार ते एकशे एकवीस, सलग अठरा 'नको'! एकही 'हो' मध्ये नाही. मी ग्राफ काढला, तर तिथे रेघ कड्यावरून पडल्यासारखी पडते. नंदू म्हणाला, "यार, हे कुणीतरी घोळक्याने आलं असणार." तुला आठवतं का कोण होते? नको, सांगू नकोस. नावं नकोत असं आपलं ठरलं आहे.

लोणचं संपलं.

तुझा,
गिरीश

---

टॅनर्स रिज
२ फेब्रुवारी १९८६

चि. गिरीश,

आशीर्वाद. उशीर झाला, कारण गावात एकेक चाललं आहे आणि मी ते नुसती बघत बसले आहे.

ख्रिसमसनंतरच्या सोमवारी क्रेशरने पहिल्या, दुपारी तीनला सुटणाऱ्या पाळीतली माणसं कमी केली. मागणी नाही, म्हणे. पाळीत चाळीस माणसं. काढली ती अठरा. लॉइड त्यांत आहे. तो ह्यांच्याकडे पाठ दाखवायला आला होता. ह्यांना म्हणाला, "डॉक, बावीस वर्षं मी त्या भट्टीशी उभा आहे. माझ्यानंतर लागलेली पोरं आत आहेत." ह्यांनी मलम लिहून दिलं.

इडा फायर हॉलमध्ये, म्हणजे जिथे मतदान होतं त्या बंबखान्याच्या हॉलमध्ये, मुलांना पियानो शिकवायची. हॉलचं छत तपासायचं आहे म्हणून तिची शिकवणी बंद. त्याच छताखाली शनिवारी पत्त्यांचा डाव चालतो. हॉलसमोर राहणाऱ्या नर्सबाईंच्या कुंपणाला अकरा वर्षांनी एकदम बरोची हरकत निघाली.

आणि बर्फ. इथली एक रीत तुला सांगते. बरोचा नांगर रस्ता साफ करत जातो, तेव्हा बर्फ कडेला लोटतो. तो ढीग नेमका घरांच्या ड्राइव्हवेच्या तोंडाशी बसतो. म्हणून घर आलं की चालक पातं जरा उचलतो, आणि पुढे जाऊन टेकवतो. कुठे लिहिलेलं नाही, माणुसकी आहे. यंदा काही घरांपुढे तो पातं उचलतो, काहींपुढे नाही. लॉइडच्या दारात छातीएवढा ढीग. इडाच्या दारात ढीग. शेजारी बघावं तर लख्ख. मी म्हटलं, नवा चालक असेल, हात बसला नसेल.

आमच्याकडे तर विनोदच. आमचा ड्राइव्हवे दोन गाड्यांचा. डावी बाजू ह्यांची, उजवी माझी. ह्यांची बाजू आरशासारखी साफ, माझ्यापुढे ढीग. तीनदा पडला बर्फ, तीनही वेळा असंच. मी ह्यांना म्हटलं, "अर्ध्यात त्याचं डिझेल संपतं की काय?" हे हसले नाहीत. फावडं घेऊन माझी बाजू काढायला गेले.

पिंपांचे ट्रक सुरू झाले. ताडपत्री घातलेले येतात, मोकळे जातात.

तुझी,
मावशी

---

स्टेट कॉलेज
१५ फेब्रुवारी १९८६

ती. मावशीस,

तुझं पत्र मी चार वेळा वाचलं. नंतर तक्ता काढला. फोन करणार होतो, पण तूच सांगितलं होतंस की तुमच्या गल्लीत एका लाइनवर तीन घरं आहेत.

मावशी, अठरा. एकशे चार ते एकशे एकवीस अठराच होतात.

नीट आठव. तुझी नावांची यादी क्रमाने होती. चिठ्ठ्या क्रमाने होत्या. दोन्ही एका पिशवीत, एक रात्र त्याच्या तिजोरीत होत्या. यादीतला पहिला आणि गठ्ठ्यातला पहिला एकच, हे तूच त्याला सांगितलंस. ती जुनी माणसं पेटी घुसळत होती ते अडाणीपणाने नव्हे. घुसळल्यावर कुणाची चिठ्ठी कोणती हे देवालाही कळत नाही, म्हणून. मी संख्याशास्त्र शिकतो, मला हे पहिल्या दिवशी दिसायला हवं होतं. मला फक्त क्रम दिसला. क्रम मी मागितला होता. चूक माझी आहे.

लेख मी मागे घेतो आहे. सरांना सांगितलं.

काउंटीला तक्रार करूया. आणि एक: माझ्याजवळच्या तक्त्यात पहिली आणि दुसरी चिठ्ठी काय आहे, ते मी पाहिलेलं नाही असं समज. मला विचारू नकोस.

तुझा,
गिरीश

---

टॅनर्स रिज
६ एप्रिल १९८६

चि. गिरीश,

तुला विचारायची गरज पडली नाही. तक्त्याची कच्ची प्रत माझ्याकडे होती. नोव्हेंबरपासून ड्रॉवरमध्ये होती. मी ती लिहिताना बोर्डाची बाई होते, बायको नव्हते, त्यामुळे दुसरी ओळ माझ्या हाताने लिहूनसुद्धा माझ्या डोळ्यांत शिरली नव्हती. आणि तुझं पत्र येईपर्यंत बर्फानेही ते तीनदा सांगितलं होतं. पहिली 'नको', दुसरी 'हो'. उजवी बाजू ढीग, डावी लख्ख. गावात सगळ्यात काटेकोर निकाल आमच्या दारात लागला होता.

रविवारी पोहे खाताना मी कागद ह्यांच्या बशीशेजारी ठेवला. ह्यांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला.

"तुला कधीपासून माहीत आहे?"

"तुम्हाला कधीपासून माहीत आहे, की मला कळू शकतं?"

"पहिल्या बर्फापासून," हे म्हणाले. "इमारतीचा करार जानेवारीत संपत होता, मीनाक्षी. क्लिनिक गेलं असतं तर चाळीस मैलांत दुसरा डॉक्टर नाही. मी म्हटलं, एका मताने काय होतं?"

"पाच मतांनी झालं."

"म्हणजे माझं एक इकडचं तिकडे गेलं असतं तरी तीन उरतात," हे म्हणाले आणि लगेच त्यांनाच लाज वाटली. "मला वाटलं कुणालाच कळणार नाही. तुलासुद्धा नाही."

"मलासुद्धा नाही. मग घरात मूत्रपिंडांवर भाषणं कुणासाठी होती?"

ह्यांनी पोहे संपवले. ह्यांचं असं आहे, की अन्न टाकवत नाही.

काउंटीचं म्हणशील, तर मी गेले होते. तिथला माणूस सभ्य होता. पिशवीचं सील शाबूत, यादी शाबूत, गठ्ठे तर त्याने आयुष्यात इतके सुबक पाहिले नव्हते. मग त्याने विचारलं, "क्रम कुणी ठेवला?" मी म्हटलं, मी. "पेटी कुणी सुचवली?" मी. "घुसळणं कुणी बंद केलं?" मी. तो पेन्सिल खाली ठेवून म्हणाला, "मॅम, तक्रार नक्की कुणाविरुद्ध आहे?"

मी घरी आले.

लॉइडला आता सगळं कळलं आहे. कसं कळलं विचारू नकोस, गावाला कळतंच. रस्त्यात भेटला तर टोपी काढतो, पूर्वीसारखीच. पण माझ्या हातांकडे बघतो.

तुझी,
मावशी

---

स्टेट कॉलेज
१२ ऑक्टोबर १९८६

ती. मावशीस,

नमस्कार. सहा महिने तुझं पत्र नाही. आई म्हणते तू बरी आहेस, पण आई सगळ्यांनाच बरं म्हणते.

इथल्या पेपरात चार ओळी वाचल्या, की खाण वाढवायची परवानगी नोव्हेंबरमध्ये पुन्हा मतदानाला आहे. मावशी, तू यावेळी तिथे बसू नकोस. राजीनामा दे. तब्येतीचं कारण सांग, काका सर्टिफिकेट देतील.

तुझा,
गिरीश

---

२३ नोव्हेंबर १९८६

चि. गिरीश,

हे पत्र मी तीस मैलांवरच्या मॉलमध्ये बसून लिहिते आहे आणि इथल्याच पेटीत टाकणार आहे. आमच्या पोस्टातल्या बाईंनी अलीकडे माझी पाकिटं हातात जरा जास्त वेळ धरायला सुरुवात केली आहे.

राजीनामा मी मुद्दाम दिला नाही. मी गेले असते, तर खुर्चीवर क्रेशरची सून बसली असती आणि पेटी तशीच राहिली असती. मी ठरवलं होतं, की या वेळी मीच घुसळणार. आधी कुणाला सांगितलं नाही. सांगितलं असतं तर मला दारातच थांबवलं असतं. ह्यांनाही सांगितलं नाही. ह्यांना का सांगितलं नाही ते तू समजून घे.

उन्हाळ्यात अठरांपैकी बारा जणांना क्रेशरने परत घेतलं. एकेकाला ऑफिसात बोलावून, दार लावून. सहा कुटुंबं गाव सोडून गेली. इडाच्या हॉलचं छत आपोआप बरं झालं. यादीत आता दोनशे एक नावं होती.

मतदानाच्या दिवशी आले ते एकशे नव्व्याण्णव. उरलेल्यांतला एक इस्पितळात होता आणि एक त्याच आठवड्यात वारला. नव्व्याण्णव टक्के, गिरीश. पक्षाघाताने पडलेल्या म्हाताऱ्याला खुर्चीवर उचलून आणलं, कारण न येणाराही यादीत दिसतो. काउंटीच्या पेपराने फोटो छापला आहे, 'मतदानात राज्याला धडा देणारं गाव'. फोटोत मी आहे, पेटीशेजारी. पेटीवर आता पितळेची पट्टी आहे, तिच्यावर माझं नाव आहे, आणि स्पेलिंग पहिल्यांदाच बरोबर आहे.

क्रेशर दिवसभर दाराशी घडीच्या खुर्चीवर बसून येणाऱ्या प्रत्येकाला कॉफी आणि डोनट देत होता. मतदान केंद्रात त्याने पाऊल टाकलं नाही. नियम पाळतो तो. माणसं आत येताना पेटीकडे बघायची, मग माझ्या टेबलावरच्या दोऱ्याच्या रिळाकडे. मी ते रीळ मुद्दाम तिथेच ठेवलं होतं, क्रेशरला संशय येऊ नये म्हणून. माझी युक्ती बघ. त्याला संशय आला नाही, आणि गावाला शंका उरली नाही.

मतदान संपल्यावर मी पेटी उचलली आणि हात निसटल्यासारखं करून ती फायर हॉलच्या फरशीवर पालथी घातली. चिठ्ठ्या सगळीकडे. मी त्यांतून दोनदा चालले. इडाने क्षणभर पाहिलं, मग एवढी म्हातारी बाई गुडघ्यांवर बसली आणि दोन्ही हातांनी चिठ्ठ्या कालवू लागली, पियानोवर बोटं पडावीत तशा वेगाने. लॉइड भिंतीपाशी उभा होता. त्याला पेटी घुसळायची होती हे मला दिसत होतं. त्याचे हात खिशात होते.

क्रेशर तोपर्यंत आत आला होता. म्हणाला, "होतं असं, मिसेस डॉक. मोजा. सावकाश मोजा." घाई त्याला कशाचीच नव्हती.

मोजलं. 'हो' एकशे अठ्ठ्याण्णव. 'नको' एक.

ती चिठ्ठी इडाच्याच हातात आली. तिने वाचली आणि टेबलावर ठेवली. इडाचं स्वतःचं मतही 'हो'च होतं, हे ती चिठ्ठी ठेवताना तिने माझ्याकडे पाहिलं त्यावरून मला कळलं आणि तिला कळलं की मला कळलं. हॉलमध्ये कुणी एकमेकांकडे बघितलं नाही. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. अर्थातच. गावात ओळखीची 'नको' आता एकच उरली होती. घुसळण्याचा उपयोग निदान दोघं असतील तर, गिरीश. एकट्याला कुठल्या ढिगात लपवणार? आणि खूण करून झाली, माणसं घरी गेली, त्यानंतर मी घुसळत होते.

आता तुझ्या सरांनी पाठवलेला छापील लेख. तो परवा मिळाला, 'मनःपूर्वक आभार' असं लिहिलेला. तू फेब्रुवारीत कळवलं होतंस, की मागे घेतला. त्यावर दुसरं नाव तुझं आहे. कडा कोसळतो तो ग्राफही आहे, पान सात. रागावले नाही. सरांपुढे नाही म्हणणं सोपं नसतं, व्हिसा असतो, शिष्यवृत्ती असते, एका लेखाने काय होतं. पण तू मला खरं सांगितलं नाहीस, म्हणून मी तुला खरं सांगते. दुसऱ्या कुणाला सांगण्यासारखी माझ्याजवळ जागा नाही.

ते 'नको' माझं नव्हतं.

मी पडद्यामागे गेले. पेन्सिल हातात घेतली. मला माहीत होतं, की मी पेटी उलथणार आहे. गावात एकटीला माहीत होतं, की आज कुणालाही काही कळणार नाही. पडद्याखालून क्रेशरचे बूट दिसत होते, दाराशी, एकावर एक ठेवलेले. मला क्लिनिक आठवलं, ढीग आठवले, लॉइडची नजर आठवली. मनात म्हटलं, बाकीचे टाकतीलच, मला तर पेटी सांभाळायची आहे. आणि 'हो'वर खूण केली. सुबक केली, चौकटीच्या बाहेर रेघ गेली नाही.

त्या दिवशी घरी आल्यावर ह्यांनी चहा केला. विचारलं, "एकच होतं?"

"एकच."

ह्यांनी कप माझ्यापुढे सरकवला. "मला वाटलं दोन असतील," म्हणाले.

बस्. पेटी घुसळली जाणार हे ह्यांना माहीत नव्हतं, गिरीश. आपली चिठ्ठी यादीतल्या दुसऱ्या नावाशी जोडली जाणार असं समजून ह्या माणसाने 'नको' टाकलं होतं.

मंगळवारी पहिला बर्फ पडला. सकाळी खिडकी उघडली, तर डावी बाजू लख्ख आणि माझ्यापुढे कमरेएवढा ढीग. क्रेशरकडे या वेळी क्रम नव्हता, तर त्याने अंदाजाने लावला, आणि चुकला. मी कोट चढवून फावडं घेऊन बाहेर गेले. दुसऱ्याच्या 'नको'चा ढीग मी काढत होते, आणि समोरच्या खिडकीतून नर्सबाई माझ्याकडे अशा बघत होत्या, की जणू मी कुणी शूर बाई आहे.

थोड्या वेळाने हे बाहेर आले. दुसरं फावडं घेऊन माझ्या शेजारी उभे राहिले आणि माझी बाजू उपसू लागले. आम्ही एकमेकांकडे बघितलं नाही.

नांगर कोपऱ्यावर थांबलेला होता, इंजिन चालू, पिवळा दिवा फिरत होता. तो आता लॉइड चालवतो; क्रेशरने त्याला परत घेतलं ते भट्टीवर नाही, या कामावर. त्याने काच खाली केली. मला वाटलं हाक मारेल, म्हणून मी हात वर केला. त्याने आम्हा दोघांना पाहिलं, ह्यांच्या हातातल्या फावड्याकडे जरा जास्त वेळ पाहिलं, मग डॅशबोर्डवरची घरांच्या यादीची पाटी गुडघ्यावर घेतली आणि कानामागची पेन्सिल काढली.

तुझी,
मावशी